शोध की संशोधन? विज्ञानाची बातमी वाचायला शिकताना

आमच्या घरी, इंदूरला, वर्तमानपत्र हिंदी येतं आणि त्यावरची चर्चा मराठीत होते. त्यामुळे कित्येक वर्षं रोज सकाळी पोह्यांबरोबर आमच्याकडे एक तरी मोठा शोध लागत असे. बाबा, म्हणजे माझे सासरे, चष्मा कपाळावर सरकवून जाहीर करायचे, "ऐकलंस का गं, मधुमेहावर शोध लागला!" मी हातातलं काम टाकून बघायला जायची, तर छापलेलं असायचं: 'मधुमेह पर नया शोध'. हिंदीतला शोध म्हणजे आपलं संशोधन. आपल्या शोधाला ते खोज म्हणतात. आणि हिंदीतलं संशोधन म्हणजे आपली दुरुस्ती. म्हणजे कुठल्याशा प्रयोगशाळेत काम चालू आहे एवढीच बातमी, आणि आमच्या रामबागेतल्या घरात तोवर रोग बरासुद्धा झालेला.

मी शाळेत विज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यावर ओळखीच्या चार-पाच जणी रविवारी सकाळी जमायला लागल्या. आठवड्यात मोबाईलवर आलेली विज्ञानाची एक बातमी घ्यायची आणि तिची साल काढायची. त्यातल्या दोघींनी दहावीनंतर विज्ञानाचं पुस्तक उघडलेलं नव्हतं, आणि नेमके त्यांचेच प्रश्न सगळ्यात चांगले असायचे. ज्यांना आता नव्याने सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी आमची पद्धत इथे लिहिते. पायऱ्या क्रमाने घ्या. चौथीवर मात्र जास्त वेळ थांबा, बाकीच्या तिच्याच आजूबाजूच्या आहेत.

पहिली पायरी: क्रियापद बघा

मथळ्यात नाम मोठं असतं, पण खरं काय ते क्रियापद सांगतं. 'सापडलं', 'मोजलं', 'दिसलं' ही एक जात. 'असू शकतं', 'संकेत मिळाले', 'दावा केला' ही दुसरी. 'क्रांती होणार', 'शास्त्रज्ञही चक्रावले' ही तिसरी, आणि ती वाचून सोडून द्यायची. शास्त्रज्ञ रोजच चक्रावलेले असतात, त्याचाच त्यांना पगार मिळतो.

हिंदीतून वाचत असाल तर शोध, खोज आणि संशोधन हे तीन शब्द मनात मराठी करूनच पुढे जा. आमच्यात एकीने तर 'आयआयटी के शोधार्थी' हे वाचून विचारलं होतं, "काय हरवलंय त्यांचं?" शोधार्थी म्हणजे पीएचडी करणारा विद्यार्थी. हसलो सगळ्या, पण हा घोळ इंदूर-ग्वाल्हेरच्या प्रत्येक मराठी घरात कधी ना कधी झालेला आहे.

दुसरी पायरी: एक आकडा पकडा

सगळे आकडे तपासायच्या भानगडीत पडू नका. एकच निवडा आणि त्याचा पिच्छा पुरवा.

दरवर्षी फिरणारा एक निरोप घ्या. 'उद्यापासून अफेलियन सुरू, पृथ्वी सूर्यापासून लांब जाणार, थंडी वाढेल, सर्दी-खोकला होईल, तोंड झाकून फिरा.' त्यात म्हटलेलं असतं की एरवी सूर्य ९ कोटी किलोमीटरवर, म्हणजे प्रकाशाच्या वेगाने ५ मिनिटांवर असतो आणि आता तो १५.२ कोटींवर जाणार. आता शाळेतलं आठवा. सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला ८ मिनिटं २० सेकंद, म्हणजे ५०० सेकंद लागतात. प्रकाश सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातो. गुणाकार करा: १५ कोटी. म्हणजे १५.२ कोटी हा आकडा खरा आहे, खोटा आहे तो '९ कोटी'. जानेवारीच्या सुरुवातीला आपण सूर्यापासून सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर असतो आणि जुलैच्या सुरुवातीला १५.२ कोटींवर. फरक जेमतेम तीन टक्क्यांचा. शिवाय सगळ्यात लांब असतो तेव्हा जुलै असतो. थंडीची रजई तेव्हा पेटीत असते, बाहेर पाऊस असतो. ऋतू अंतराने होत नाहीत, पृथ्वीच्या कललेल्या अक्षाने होतात, हे त्या निरोपातच उघडं पडतं. एक खोटा आकडा खऱ्याच्या शेजारी बसवला की अख्खी बातमी खरी वाटते. त्याला कारागिरीच म्हणायला हवं.

दुसरी खोड भाषांतराची. इंग्रजीत मिलियन म्हणजे १० लाख आणि बिलियन म्हणजे १०० कोटी, आपला एक अब्ज, हिंदीतला अरब. घाईच्या भाषांतरात '६६ मिलियन वर्षं' याचं '६६ लाख वर्षं' होतं. खरं तर ते ६ कोटी ६० लाख. डायनासोरांच्या बातमीत ६६ लाख दिसले की समजा, शून्य सांडलंय. प्रकाशवर्ष हे वर्ष नाही, अंतर आहे, सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. हे एकदा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं की काम भागतं.

तिसरी पायरी: बातमीचं मूळ गाव शोधा

बातमी आपल्यापर्यंत येताना चार हात बदलते. आधी शोधनिबंध, मग विद्यापीठाचं किंवा संस्थेचं प्रसिद्धिपत्रक, मग वृत्तसंस्था, मग आपलं वर्तमानपत्र, आणि शेवटी वहिनींचा निरोप. आपण अतिशयोक्तीचा दोष नेहमी पत्रकाराला देतो. पण २०१४ साली ब्रिटनमध्ये विद्यापीठांची आरोग्यविषयक ४६२ प्रसिद्धिपत्रकं तपासली गेली, तेव्हा जवळजवळ ४० टक्क्यांत लोकांना दिलेला सल्ला मूळ निबंधापेक्षा फुगवलेला निघाला. दूध गवळ्याकडेच पातळ झालेलं होतं.

मोबाईलवर मूळ शोधायला पाच मिनिटं पुरतात. बातमीत संशोधकाचं नाव, संस्था आणि नियतकालिकाचं नाव आहे का ते बघा. तिन्ही नसतील, नुसतं 'अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी' असेल, तर तिथेच थांबा. असतील तर ती तीन नावं आणि विषयाचा एक शब्द शोधपेटीत टाका. निबंध समोर आला की सगळा वाचायचा नाही. वरचा सारांश वाचा, आकृत्या बघा आणि शेवटाकडे जिथे लेखक स्वतःच्याच कामाच्या मर्यादा सांगतात तो परिच्छेद शोधा. इंग्रजीची भीती वाटत असेल तर भाषांतराचं साधन वापरा, सारांशापुरतं ते चालतं. 'प्लॉस वन'सारखी नियतकालिकं सगळ्यांना फुकट वाचता येतात. 'अर्काइव्ह' नावाच्या संग्रहात १९९१ पासून भौतिकशास्त्राचे निबंध फुकट मिळतात. पण तिथे येणाऱ्या निबंधाची इतर तज्ज्ञांनी तपासणी केलेली असेलच असं नाही. कच्चा माल आहे तो. कच्चा म्हणून वाईट नव्हे, पण कैरीला आंबा म्हणू नये.

कधी कधी मूळ वस्तू बातमीपेक्षा सोपी असते. चंद्रयान-३ उतरलं २३ ऑगस्ट २०२३ ला. चार दिवसांनी इस्रोने चंद्राच्या मातीच्या तापमानाचा आलेखच सर्वांसमोर ठेवला. पृष्ठभागापाशी तापमान पन्नाशीच्या आसपास किंवा पुढे, आणि जेमतेम ८ सेंटीमीटर खाली उणे १० च्या जवळ. एक वाकडी रेघ, दोन अक्ष. आमच्यातल्या एकीने, जिने दहावीला गणितात कशीबशी सुटका करून घेतली होती, तो आलेख आम्हाला वाचून दाखवला. मग म्हणाली, "म्हणजे ही माती गोधडीसारखी आहे, ऊन खाली जाऊच देत नाही." बातमीत हे कुठेच नव्हतं.

चौथी पायरी: 'हे कसं कळलं?'

'काय कळलं' हे बातमीत असतंच. ते कसं कळलं, नेमकं काय मोजलं, कशाला हात लावला, हे विचारायला लागलात की तुम्ही नवखे राहत नाही. आमच्या घराजवळचंच उदाहरण घेते.

जानेवारी २०२३ मध्ये बातमी आली की धार जिल्ह्यात, बाघ-कुक्षीच्या पट्ट्यात, डायनासोरांची ९२ घरटी आणि २५६ अंडी सापडली. हे काम दिल्ली विद्यापीठाच्या आणि इतर संशोधकांचं. अंडी टायटॅनोसॉर नावाच्या लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरांची. धार म्हणजे आमचा शेजार, मांडूला जाताना आपण तिथे चहाला थांबतो. त्यामुळे त्या रविवारी उपस्थिती भरपूर होती.

पहिला प्रश्न आला: अंड्यावर नाव थोडंच लिहिलेलं असतं? टायटॅनोसॉरचंच कशावरून? उत्तर कवचात आहे. कवचाचा पातळ काप घासून काचेसारखा पारदर्शक होईल इतका झिरझिरीत करतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. कवच कसं वाढलं, त्यातले स्फटिक कसे उभे राहिले, श्वासाची भोकं कशी होती, हे त्यात दिसतं, आणि प्रत्येक गटाची घडण वेगळी असते. पण ही घडण टायटॅनोसॉरची हे आधी कोणी ठरवलं? तर अर्जेंटिनात १९९० च्या दशकात याच घडणीच्या अंड्यांमध्ये पिल्लांचे अवशेष मिळाले होते, आणि ते टायटॅनोसॉर गटाचे होते. म्हणजे धारच्या अंड्याची ओळख पटवणारा साक्षीदार अर्जेंटिनातला आहे. धारच्या अंड्यांत पिल्लू मिळालेलं नाही.

दुसरा प्रश्न: वर्तमानपत्रात 'सहा प्रजाती' लिहिलंय, म्हणजे सहा जातींचे डायनासोर? इथे बातमी घसरली होती. निबंधात सहा प्रकार आहेत ते अंड्यांचे. अंड्यांच्या वर्गीकरणाची वही वेगळी, प्राण्यांची वेगळी. सहा प्रकारची कवचं म्हणजे बरोबर सहा जातींच्या आया असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही, संशोधकही सांगत नाहीत. डब्यांवरून घरात माणसं किती हे ओळखण्यासारखं आहे ते: अंदाज बांधता येतो, शिरगणती होत नाही.

तिसरा प्रश्न मला स्वतःला सगळ्यात आवडला. या आया अंड्यांवर बसत होत्या का? घरटी एकमेकांना इतकी खेटून आहेत की एवढ्या अवाढव्य प्राण्याला मधून फिरायला जागाच नाही. त्यावरून संशोधकांनी म्हटलं की अंडी घालून, वर माती लोटून त्या निघून जात असाव्यात. इथे 'असाव्यात' महत्त्वाचं. घरट्यांमधलं अंतर फूटपट्टीने मोजलेलं आहे, ते तथ्य. आईचं निघून जाणं हा त्यावरून काढलेला निष्कर्ष. दोन्ही एकाच बातमीत, एकाच आवाजात सांगितले जातात. आपलं काम म्हणजे त्यांच्यामध्ये पेन्सिलीने एक रेघ ओढायची.

आणि वय? ६ कोटी ६० लाख आणि त्याच्या थोडं आधी, हे कशावरून? ही अंडी ज्या थरात आहेत त्याला लॅमेटा म्हणतात आणि दख्खनच्या लाव्हाचे थर त्याच्यावर पसरलेले आहेत. लाव्हा थिजताना त्यात अडकलेल्या पोटॅशियमचा एक किरणोत्सारी प्रकार ठरलेल्या गतीने बदलून त्याचा आर्गॉन वायू होत राहतो. किती झाला ते मोजलं की लाव्हा कधी थिजला ते कळतं. खालचा थर त्याच्याआधीचा, कारण चादर अंथरल्यावर तिच्याखाली गादी घालता येत नाही. माळव्याची काळी माती याच लाव्हाच्या दगडाची झीज आहे. आपण इंदूरला जिच्यात गहू आणि सोयाबीन काढतो ती. हे सांगितल्यावर एक जण म्हणाली, "म्हणजे मी कुंडीत भरून राहिले ती लाव्हा आहे?" आहेच की.

त्याच वर्षाच्या शेवटी बातमी आली की धार जिल्ह्यात पाडल्या गावाकडे लोक शेतातले गोल दगड 'काकड भैरव' म्हणून पुजतात आणि लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या तज्ज्ञांनी बघितल्यावर ती डायनासोरांची अंडी निघाली. समाजमाध्यमांवर लगेच दोन तट पडले: एक हसणाऱ्यांचा, एक रागावणाऱ्यांचा. मला दोघांचंही कळलं नाही. ज्यांनी शेतातला दगड गुरांच्या रक्षणासाठी पिढ्यान्‌पिढ्या जपला, त्यांच्यामुळेच तो फोडून रस्त्यात गेला नाही. ती पूजा नसती तर तज्ज्ञांना बघायला काय उरलं असतं, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

पाचवी पायरी: खात्री किती, ते विचारा

एप्रिल २०२५ मध्ये 'परग्रहावर जीवसृष्टीची चिन्हं' ही बातमी झळकली. केम्ब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाने, जेम्स वेब दुर्बिणीतून, १२४ प्रकाशवर्षं दूरच्या के२-१८बी या ग्रहाच्या वातावरणात डायमिथाइल सल्फाइड या वायूची खूण दिसते असं म्हटलं. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींमुळे तयार होतो. कसं कळलं? ग्रह ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याचा थोडा प्रकाश ग्रहाच्या हवेतून गाळून येतो, आणि कोणते रंग किती गाळले गेले त्यावरून हवेत काय आहे ते ओळखतात.

आता खात्री. त्या निबंधात ती 'तीन सिग्मा' दिली होती. अर्थ असा: तिथे तो वायू मुळीच नसताना मोजमापातल्या निव्वळ योगायोगाने अशी खूण दिसण्याची शक्यता हजारात तीन. ऐकायला भक्कम वाटतं. पण भौतिकशास्त्रात शोध लागला असं म्हणायला पाच सिग्मा लागतात, म्हणजे योगायोगाची शक्यता ३५ लाखांत एक. त्याच वर्षी इतर गटांनी तीच निरीक्षणं पुन्हा तपासली, त्यांना खूण इतकी ठाम वाटली नाही. शिवाय हाच वायू एका धूमकेतूवरही सापडलेला आहे, आणि तिथे काही समुद्र नाही. म्हणून आमच्या वहीत ही नोंद 'बघू' या रकान्यात आहे. यात संशोधकांचं काही चुकलं असं नाही. त्यांनी खात्री किती ते छापून सांगितलं होतं, मथळ्याने ते गिळलं.

सहावी पायरी: आरोग्याची बातमी

ही लवकर आटपते. उंदरावर झालं की माणसावर, हे पहिलं बघायचं. किती माणसांवर, हे दुसरं. 'धोका दुप्पट' म्हटलं तर कशाच्या दुप्पट, हे तिसरं: लाखात एकाचे दोन झाले तरी दुप्पटच, शंभरात वीसचे चाळीस झाले तरी दुप्पटच.

जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने ॲस्पार्टेम या कृत्रिम गोडीला 'कदाचित कर्करोगकारक' या गटात टाकलं आणि आमच्या बाबांनी साखरेऐवजी चहात टाकायच्या गोळ्यांची डबी खिडकीतून बाहेर फेकली. पण तो गट पुरावा किती आहे ते सांगतो, धोका किती ते सांगत नाही. त्याच गटात पूर्व आशियाई पद्धतीच्या खारवलेल्या भाज्याही आहेत. (आपल्या तेलातल्या कैरीच्या लोणच्याशी त्याचा संबंध नाही, घाबरू नका.) त्याच दिवशी दुसऱ्या तज्ज्ञ समितीने दिवसाची मर्यादा पूर्वीचीच कायम ठेवली: वजनाच्या दर किलोला ४० मिलिग्रॅम. सत्तर किलोच्या माणसाला ती ओलांडायला साखरविरहित शीतपेयाचे रोज नऊ ते चौदा डबे प्यावे लागतील. डबी बागेतून उचलून आणली. औषध सुरू किंवा बंद करायचं ते मात्र डॉक्टरांना विचारूनच, बातमी वाचून नाही, या पायऱ्या वाचून तर नाहीच.

सातवी पायरी: वही घाला आणि वाट बघा

दोनशे पानी साधी वही पुरते. तारीख, दावा काय, कसं कळलं, खात्री किती, एवढं लिहायचं आणि उजवीकडे समास मोठा सोडायचा. सहा महिन्यांनी परत यायचं आणि पुढे काय झालं ते समासात लिहायचं. हा समासच खरी शाळा आहे.

सप्टेंबर २०११: न्यूट्रिनो नावाचे कण जिनिव्हाजवळून इटलीतल्या ग्रान सासोपर्यंतचं ७३० किलोमीटरचं अंतर प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद लवकर कापतात. तेवढ्या वेळात प्रकाश १८ मीटर जातो. आइन्स्टाइन चुकला, असे मथळे. समासात, २०१२: प्रकाशतंतूची एक जोडणी सैल होती. ही बातमी मी शाळेत मुलांना सांगायची तेव्हा ती खूप हसायची. पण हे बघा की गटाने स्वतःच 'आम्हाला चूक सापडत नाही, तुम्ही शोधा' म्हणून निकाल जगापुढे ठेवला होता.

जुलै २०२३: कोरियातून एलके-९९, घरातल्या तापमानाला विजेला शून्य रोध करणारा पदार्थ. चकतीच्या तरंगण्याचे व्हिडिओ आमच्या गटात तिघींनी पाठवले. समासात, पुढच्याच काही आठवड्यांत: दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेसकट अनेकांनी करून बघितला, अतिसंवाहकता मिळाली नाही. रोध एकदम उतरत होता तो भेसळीतल्या कॉपर सल्फाइडमुळे.

वाट बघण्याचं फळ नेहमी निराशेचं नसतं. गुजरातेत धोली डुंगरीला १९८० च्या दशकात भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या धनंजय मोहबे यांना डायनासोरची अंडी आणि पिल्लाची हाडं असलेला एक दगड मिळाला. तसा तो नोंदला गेला. २००१ साली अमेरिकेतले जेफ्री विल्सन तो बघायला आले आणि त्यांना त्यात सापाचे मणके दिसले. २०१० मध्ये निबंध आला: साडेतीन मीटर लांबीचा साप, अंड्याभोवती वेटोळं घालून, शेजारी नुकतंच बाहेर आलेलं पिल्लू. बहुधा वाळूच्या लोटाखाली सगळे एकदम गाडले गेले. दगड तोच होता. बघायला वीस वर्षं आणि दुसरी एक नजर लागली. बडोद्याच्या माझ्या मावसबहिणीला हे फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, इतक्या जवळ? आणि आम्ही बालासिनोरच्या डायनासोर पार्कला जाऊन फक्त फोटो काढून आलो."

आठवी पायरी: घराबाहेर पडा

बातम्या वाचून वाचून सगळं विज्ञान परदेशात घडतं असं वाटायला लागतं. इंदूरकरांनी तरी असं वाटून घेऊ नये. राजेंद्रनगरच्या पुढे, होळकरांच्या सुखनिवास महालाच्या परिसरात, राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे. तिथल्या इंडस-२ यंत्रात इलेक्ट्रॉन १७२ मीटर घेराच्या कड्यात फिरतात आणि वळताना क्ष-किरण टाकतात. देशभरातले संशोधक आपापले नमुने घेऊन तिथे येतात. २८ फेब्रुवारीच्या, म्हणजे रामन परिणामाच्या शोधदिनाच्या सुमारास, लोकांना आत बघायला मिळतं. तारीख आणि नावनोंदणीचे नियम आधी बघून घ्या, ओळखपत्र न्या आणि मार्गदर्शकाला चौथ्या पायरीचा प्रश्न नक्की विचारा.

आणि ज्याला काहीच खर्च नाही असा प्रयोग हवा असेल तर सावली मोजा. सूर्य कर्कवृत्तापर्यंत, म्हणजे २३.४ अंशांपर्यंत, उत्तरेला येतो. इंदूर २२.७ अंशांवर, म्हणजे वर्षात दोनदा सूर्य बरोबर आपल्या डोक्यावर असतो, साधारण ७ जूनच्या आणि ५ जुलैच्या आसपास. बडोद्याला पहिला दिवस तीन-चार दिवस आधी येतो, दुसरा तितकाच नंतर. ग्वाल्हेर २६ अंशांच्या वर, त्यामुळे तिथल्या मंडळींच्या नशिबात शून्य सावली नाही. त्यांनी वाटल्यास जूनमध्ये आमच्याकडे यावं, आंबे असतातच.

गच्चीवर सपाट जागा बघा. पाण्याच्या नळाचा एक मीटर लांबीचा सरळ तुकडा उभा करा, ओळंब्याने तो खरंच उभा आहे ना ते तपासा. घड्याळातले बारा ही आपली दुपार नव्हे. भारताची वेळ ८२.५ रेखांशावरची, इंदूर त्याच्या बरंच पश्चिमेला, म्हणून जूनच्या सुरुवातीला सूर्य १२ वाजून २५ मिनिटांच्या सुमारास माथ्यावर येतो. सव्वाबारापासून दर दोन मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडूने ठिपका द्या. जुलैचा दिवस बहुतेक ढगांत जातो, म्हणून जूनचाच धरा. डोक्याला पंचा गुंडाळा, सूर्याकडे बघू नका.

दर २१ जूनला बातमी येते की उज्जैनच्या वेधशाळेत दुपारी सावली गायब झाली. ती आता तपासून बघा. उज्जैन २३.२ अंशांवर आहे, म्हणजे काटेकोर शून्य सावलीचे दिवस २१ जूनच्या आठ-दहा दिवस आधी आणि नंतर येतात. २१ तारखेला एक मीटर काठीची सावली चार-पाच मिलिमीटर असते. सूर्य बिंदू नाही, अर्ध्या अंशाची तबकडी आहे, त्यामुळे सावलीची कड मुळातच पुसट, आणि चार मिलिमीटर त्यात हरवून जातात. म्हणजे बातमी खोटी नाही, थोडी ढिली आहे.

आम्ही त्याच २१ तारखेला आमच्या गच्चीवर मोजलं. सूर्य तेव्हा इंदूरच्या उत्तरेला गेलेला असतो, म्हणून सावली चक्क दक्षिणेला पडते. हिशोबाने ती १२-१३ मिलिमीटर यायला हवी. आमची आली १६. बाबा खाली खुर्चीवर बसून ओरडले, "शोध लागला का काही?" नळ तीन मिलिमीटर वाकडा उभा होता.